स्पीकर आहेत, ॲम्प्लिफायर हवा

घरातली जुनी म्युझिक सिस्टिम एकदम मरत नाही, हप्त्याहप्त्याने मरते. आधी सीडीचा ट्रे बाहेर यायचा थांबतो, मग कॅसेटचा पट्टा सैल पडतो, मग आवाजाचा नॉब फिरवला की खरखर येते आणि शेवटी एक बाजूच गप्प होते. या सगळ्यात दोन स्पीकर मात्र बहुधा धडधाकट असतात. १९९० च्या दशकात आयवा, सोनी, फिलिप्सच्या मिनी सिस्टिम हौसेने घेतलेली घरे महाराष्ट्रात कमी नाहीत. त्याआधी सोनोडाइन किंवा कॉस्मिकचे सुटे डेक आणि लाकडी पेटीतले स्पीकर घेणाऱ्यांची पिढीही अजून गाणी ऐकते आहे. या सगळ्यांसमोर एकच प्रश्न असतो: स्पीकर टाकवत नाहीत, मग त्यांना चालवायला कमी पैशांत काय घ्यावे? बाजारात याची उत्तरे हजार रुपयांपासून लाखापर्यंत पसरलेली आहेत आणि प्रत्येक विक्रेत्याला आपलेच उत्तर खरे वाटते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. चांगला ॲम्प्लिफायर आज जितका स्वस्त आहे तितका पूर्वी कधीच नव्हता. पण तो निवडताना बहुतेक लोक जो आकडा पाहतात, म्हणजे खोक्यावरचे वॉट, तोच सर्वांत निरुपयोगी आहे. निवड ठरते ती स्पीकरच्या पाठीवरच्या पट्टीवरून, ॲम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यावरून आणि बिघडल्यावर तो उघडायला कोण तयार होईल यावरून.

तरीही नव्याकडे वळण्याआधी जुन्याची नाडी एकदा बघावी. नॉबची खरखर हा आजार नव्हेच. पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ बसलेली असते आणि कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांनी ती जाते. एक चॅनेल हळू आवाजात गायब आणि आवाज वाढवला की परत हजर, असे होत असेल तर बहुधा स्पीकरच्या रिलेचे संपर्क काळे पडले आहेत. सतत गुणगुण येत असेल तर वीजपुरवठ्यातले मोठे कंडेन्सर सुकलेले असतात. यातले काहीच महाग नाही. पंचाईत होते ती आउटपुटची आयसी उडाल्यावर. त्या काळातल्या बहुतेक जपानी सिस्टिममध्ये सान्योचे एसटीके मालिकेतले मॉड्यूल असत. त्यांतले बरेचसे आता बनत नाहीत आणि बाजारात त्याच क्रमांकाचे म्हणून जे मिळतात त्यांत नकली भरपूर. बाहेरचा छाप हुबेहूब, आतली चिप मात्र अर्ध्या ताकदीची. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास जुना, अनुभवी मेकॅनिक गाठता आला तर तोच सांगतो की आयसी बदलून देतो, पण हमी मागू नका. मिनी सिस्टिम असेल तर इथे हात जोडावेत. आठ-दहा किलोचा सुटा ॲम्प्लिफायर असेल तर मात्र त्याच्यावर खर्च करावा. आतला ट्रान्सफॉर्मर आणि हीट सिंक आज नव्याने घ्यायचे तर दुरुस्तीपेक्षा जास्त पैसे पडतील.

दुरुस्तीचा रस्ता बंद झाला की स्पीकर फिरवून त्याची पाठ वाचावी. तिथे दोन गोष्टी शोधायच्या. पहिली ओहम: ४, ६ किंवा ८. दुसरी संवेदनशीलता, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो ते. मिनी सिस्टिमच्या स्पीकरवर ही दुसरी माहिती सहसा नसते आणि ओहम बहुतेकदा ६ असतात. ८ ओहमच्या ॲम्प्लिफायरला ६ ओहमचा स्पीकर चालणार नाही, ही दुकानातली भीती निराधार आहे. घरगुती आवाजात तो खुशाल चालतो. खरी काळजी ४ ओहम आणि त्याखालच्या स्पीकरची. एकाच जोडीच्या टोकांना दुसरी जोडी समांतर जोडून खोलीत चार स्पीकर वाजवायची हौसही इथेच नडते, कारण समांतर जोडल्यावर ओहम निम्मे होतात. मिनी सिस्टिममध्ये आणखी एक गोम असते. काही स्पीकरमधून दोनऐवजी चार वायरी निघतात, वूफरची जोडी वेगळी आणि वरच्या स्वरांची वेगळी, कारण त्यांची विभागणी सिस्टिमच्या आतच केलेली असे. असे स्पीकर साध्या ॲम्प्लिफायरला जसेच्या तसे लावता येत नाहीत. आत क्रॉसओव्हर बसवावा लागतो, आणि तो खटाटोप त्या स्पीकरच्या लायकीचा आहे का हे ज्याचे त्याने पाहावे.

आता वॉटचा हिशेब, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. समजा स्पीकर ८७ डेसिबलचा आहे आणि ऐकणारा तीनेक मीटरवर बसला आहे. दिवाणखान्यात, भिंतींवरून परतणारा आवाज धरून, एवढ्या अंतराला ढोबळमानाने ६ डेसिबल घटतात. स्पीकर दोन असल्यामुळे ३ परत मिळतात. म्हणजे दोन्हीकडे एक-एक वॉट दिला की कानाशी सुमारे ८४ डेसिबल पोचतात. बायको स्वयंपाकघरातून ‘जरा हळू’ म्हणेल अशी पातळी साधारण ७५ ची. तिला लागतो वॉटचा आठवा हिस्सा. पण संगीत सपाट नसते. तबल्याची एखादी जोरकस थाप किंवा वाद्यवृंदाचा उठाव सरासरीच्या २० डेसिबल वर जाऊ शकतो. ९५ ची ती उसळी स्वच्छ निघायला हवी असेल तर लागतात १२-१३ वॉट. स्पीकर ८३ डेसिबलचा, म्हणजे सुस्त असेल, तर तेच काम ३२ वॉट मागते. बीबीसीच्या अभियंत्यांनी आखलेला एलएस३/५ए हा नावाजलेला छोटा स्पीकर याच सुस्त जातीचा. सर्वसाधारण घरात प्रत्येक बाजूला ३० ते ५० खरे वॉट असले की विषय संपतो. ५० चे १०० केल्याने आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. दुप्पट मोठा वाटायला वॉट दहापट लागतात.

‘खरे’ हा शब्द मुद्दाम वापरला. ज्यांनी १९९० च्या दशकातल्या डेकवर ‘पीएमपीओ २००० वॉट’ असे सोनेरी स्टिकर पाहिले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. त्या आकड्यामागे कोणतेही प्रमाण नव्हते. क्षणभराच्या कल्पित उसळीला कल्पनेनेच गुणलेले असे. अमेरिकेत ही बनवाबनवी इतकी माजली होती की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये घरगुती ॲम्प्लिफायरचे वॉट कसे मोजून जाहीर करायचे याचा नियमच केला आणि २०२४ मध्ये तो पुन्हा घट्ट केला. आपल्याकडे ग्राहकाने स्वतःच डोळे उघडे ठेवायचे.

आजच्या छोट्या ॲम्प्लिफायरच्या खोक्यांवर ‘३०० वॉट गुणिले २’ असे लिहिलेले असते. ते पूर्ण खोटे नसते, पण अर्धवट असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३२५५ ही चिप ४ ओहमवर प्रत्येक बाजूला ३१५ वॉट देऊ शकते, असे तिच्या माहितीपत्रकातच आहे. मात्र ते १० टक्के विकृती चालवून घेतली तर, आणि ५० व्होल्टच्या आसपासचा दणकट पुरवठा दिला तर. खोक्यासोबत अडॉप्टर येतो ३२ व्होल्ट, ५ अँपिअरचा. म्हणजे दोन्ही बाजू मिळून आत जाणारीच वीज १६० वॉट. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अशा ॲम्प्लिफायरची मर्यादा घरबसल्या काढता येते: अडॉप्टरच्या व्होल्टचा वर्ग करायचा आणि त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागायचे. २४ व्होल्ट आणि ८ ओहम असतील तर ३६ वॉट, ३२ व्होल्ट असतील तर ६४, ४८ असतील तर १४४. प्रत्यक्षात याहून थोडे कमीच मिळते. खोक्यावरच्या आकड्याच्या मानाने हे हास्यास्पद वाटेल, पण वरचा हिशेब आठवावा. ३६ वॉटसुद्धा पुरतात.

वॉटचा प्रश्न मिटला तरी एक जुना वाद उरतोच: पुरेशा ताकदीचे दोन ॲम्प्लिफायर वेगवेगळे ‘वाजतात’ का? अमेरिकन अभियंता बॉब कार्व्हरने १९८५ मध्ये स्टीरिओफाइल मासिकाला आव्हान दिले की तुम्ही निवडाल त्या महागड्या ॲम्प्लिफायरसारखा आवाज मी माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमधून काढून दाखवतो. दोन दिवस हॉटेलच्या खोलीत डाग देत, भाग बदलत त्याने ते जमवले आणि समीक्षकांना फरक ओळखता आला नाही. १९८७ च्या जानेवारीत स्टीरिओ रिव्ह्यू मासिकाने २२० डॉलरच्या पायोनिअर रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या फटरमन व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरपर्यंतची यंत्रे पडद्याआड ठेवून श्रोत्यांना ऐकवली. उत्तरे अंदाजपंचे दिल्यासारखीच निघाली. यावरून ‘सगळे सारखेच’ असा निष्कर्ष काढणारे आहेत. मी तितका पुढे जाणार नाही. ही बरोबरी काही अटींवर टिकते: दोघांचा आवाज डेसिबलच्या अगदी छोट्या अंशापर्यंत जुळवलेला असावा, एकाचाही दम संपत आलेला नसावा आणि दोघांनी सगळे स्वर सारखेच वाढवावेत. शोरूममध्ये यातले काहीच पाळले जात नाही. ज्याचा आवाज किंचित मोठा तो ‘खुला’ वाटतो आणि विकला जातो. घरी मात्र जे फरक जाणवतात ते बहुधा खरे असतात. त्यांची कारणे साधी असतात: ताकद अपुरी, मागे सूं-सूं किंवा गुणगुण, नाहीतर स्पीकरच्या ओहमनुसार वरचे स्वर कमीजास्त होणे.

शेवटचे कारण छोट्या, स्वस्त डी वर्गाच्या ॲम्प्लिफायरना लागू पडते, म्हणून त्यांच्याकडेच वळतो. आजच्या खरेदीतला सगळ्यात रसाळ भाग तोच आहे. जुने ॲम्प्लिफायर एबी वर्गाचे असत. त्यांतली बरीच वीज उष्णता होऊन जाते. डी वर्गात ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद होतात, त्यामुळे ८५-९० टक्के वीज कामी येते आणि हीट सिंक लाडवाच्या डब्याएवढ्या पेटीत मावतो. हे तंत्र घराघरांत नेले ते ट्रायपाथ या अमेरिकन कंपनीने. ती १९९५ मध्ये काढली आद्य त्रिपाठी या भारतीय वंशाच्या अभियंत्याने. ट्रायपाथची टीए २०२० ही २० वॉटची चिप इतकी गाजली की आयईईई स्पेक्ट्रम मासिकाने २००९ मध्ये जग हलवणाऱ्या २५ चिपच्या यादीत तिला बसवले. तोवर कंपनी मात्र दिवाळखोरीत गेली होती. पुढची गादी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपनी चालवली. फोसी, आयीमा ही चिनी नावे आज मुख्यतः त्यांच्यावर उभी आहेत.

दहा हजारांच्या आतबाहेर मिळणाऱ्या या पेट्या माझ्या मते बहुतेक वाचकांसाठी पहिला पर्याय आहेत. टीपीए ३११६ चिपच्या छोट्या पेट्या ८५ डेसिबलच्या वरच्या स्पीकरला आणि लहान खोलीला पुरतात. टीपीए ३२५५ च्या जरा मोठ्या खोलीला. पण त्यांच्या खोडी माहीत असाव्यात. साध्या रचनेत आउटपुटची गाळणी फीडबॅकच्या बाहेर राहते, म्हणून ८ ओहमवर १०-१५ हजार हर्ट्झच्या पुढचे स्वर थोडे चढतात आणि ४ ओहमवर उतरतात. नव्या मॉडेलांत गाळणीनंतर फीडबॅक घेऊन हे सुधारले आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांनी याची फारशी चिंता करू नये. त्या पट्टीतले बरेचसे आपल्या कानांनी आधीच सोडून दिलेले असते. दुसरी खोड गंभीर आहे. या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरची काळी, ऋण वायर ही जमीन नसते, तिच्यातही सिग्नल असतो. दोन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र बांधल्या, किंवा तसे करणारी जुनी स्विचपेटी मध्ये घातली, की आयसी गेली. तिसरी गोष्ट अडॉप्टर. चिप बिघडण्याआधी बहुतेकदा अडॉप्टरच दगा देतो. भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असलेला, योग्य व्होल्टचा, थोड्या जास्त अँपिअरचा अडॉप्टर वेगळा घेणे हा अनेकदा पेटी बदलण्यापेक्षा चांगला खर्च ठरतो. दुरुस्तीच्या बाबतीत मात्र या पेट्या मुक्या आहेत. बोर्ड गेला की बोर्डच बदलायचा.

याच्या खालच्या पायरीवर आहेत गल्लीत जुळवलेले ॲम्प्लिफायर. लाल दिवे, रिमोट, ब्लूटूथ, पेनड्राइव्हची खाच, आणि आत सान्योची ४४४० आयसी किंवा ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टरच्या जोड्या. दोन-तीन हजारांत मिळतात आणि कोणीही दुरुस्त करतो, हा त्यांचा मोठा गुण. ४४४० ही मुळात गाडीतल्या टेपच्या कामाची आयसी. स्टीरिओत तिचे प्रत्येक बाजूला ६ वॉट. दुकानाच्या गल्ल्यावर किंवा कारखान्यात रेडिओ वाजवायला तेवढे पुरे. चांगल्या स्पीकरला लावायचे तर एक तपासणी आवर्जून करावी. स्पीकर न लावता, गाणे न वाजवता, मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टोकांवर मोजावे. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. ट्रान्झिस्टरच्या बोर्डात संरक्षण नसेल तर एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की सगळा डीसी वूफरच्या कॉइलमध्ये जातो आणि ती क्षणात जळते. पेटी धातूची असून तीन पिनांची वायर नसेल तर घेऊच नये. मांडववाल्यांचे आहुजा पद्धतीचे ॲम्प्लिफायर मजबूत असतात, पण ते लांब वायरींवर भोंगे चालवायला, एकाच चॅनेलचे. गणपतीच्या मांडवातून ते घरच्या स्टीरिओत आणण्यात अर्थ नाही.

वरच्या पायरीवर पारंपरिक इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर येतात: यामाहा ए-एस २०१ आणि ए-एस ३०१, डेनॉन पीएमए-६००एनई, मारँट्झ पीएम ६००७. किमती छोट्या पेटीच्या कितीतरी पट. डेनॉन आणि मारँट्झ दोघेही ८ ओहमवर प्रामाणिकपणे ४५ वॉटच लिहितात, आणि त्यांच्याच शेजारी स्वस्त पेटी ३०० लिहून बसलेली असते, ही बाजाराची गंमत. मग जादा पैसे कशाचे? ४ ओहमच्या हट्टी स्पीकरला न डगमगणाऱ्या वीजपुरवठ्याचे, आत बसवलेल्या फोनो विभागाचे, टोन कंट्रोलचे, हेडफोनच्या खाचेचे आणि सर्व्हिस सेंटरचे. तबकड्या वाजवणाऱ्या माणसाला मी हाच रस्ता सांगेन. रेकॉर्ड प्लेअरची पिन काही मिलिव्होल्टच देते, तर सीडी प्लेअर २ व्होल्ट, आणि तबकडीवर मुद्दाम दाबलेले खालचे स्वर परत वर काढावे लागतात. फोनो विभागाशिवाय नुसती खरखरीत कुजबुज ऐकू येते. सगळे संगीत फोनवरून आणि बातम्या टीव्हीवरून ऐकणाऱ्या घरात मात्र ही खर्चिक परंपरा लागत नाही. तिथे विम ॲम्पसारखी यंत्रे सरस ठरतात. आत तीच टीपीए ३२५५, ८ ओहमवर ६० वॉट, वायफाय, आणि टीव्हीसाठी एचडीएमआय एआरसी, ज्यामुळे टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त होतो. आजी-आजोबांच्या घरात या एका सोयीचे मोल बाकी सगळ्यांपेक्षा जास्त असते.

सेकंडहँड बाजाराकडे लोक उगाच नाके मुरडतात. १९७८ चा एनएडी ३०२० हा या साऱ्या प्रश्नाचा जुना दाखला आहे. एरिक एडवर्डसनने आखलेला, कागदावर जेमतेम २० वॉटचा, दिसायला रुक्ष, पण क्षणिक उसळीला पुरून उरणारा आणि अवघड स्पीकरला न घाबरणारा. तो आता संग्राहकांच्या भावात गेला. त्याच्या मागे लागू नये. त्याऐवजी १०-१५ वर्षांपूर्वीचे होम थिएटर रिसीव्हर पाहावेत. त्यांची एचडीएमआय नव्या ४के चित्राला अपुरी, म्हणून लोक ते पडत्या भावात काढतात. आतले ॲम्प्लिफायर, ट्रान्सफॉर्मर शाबूत असतात, आणि स्टीरिओ ऐकायला चित्राशी काही देणेघेणे नसते. परदेशातून परतलेल्या नातेवाइकाने आणलेला असेल तर आधी पाठ पाहावी. अमेरिकेतला १२० व्होल्टचा आणि जपानमधला १०० व्होल्टचा रिसीव्हर आपल्या २३० वर लावला की धूर ठरलेला. काहींना मागे व्होल्टेजचा स्विच असतो. नसेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याची किंमत धरूनच सौदा करावा.

घेतलेला ॲम्प्लिफायर घरात कुठे जाणार हेही आधी ठरलेले बरे. आपल्याकडे तो काचेच्या शोकेसमध्ये बंद होतो आणि वर क्रोशाचा रुमाल येतो. एबी वर्गाच्या यंत्राला ही शिक्षाच. इलेक्ट्रोलाइटिक कंडेन्सरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की सुमारे निम्मे होते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या पावसाळ्यात उलटा त्रास: रिले आणि स्विचचे संपर्क गंजतात, म्हणून महिनोन्महिने बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडे वाजवलेले बरे. टीव्ही जोडल्यावर घूंऽऽ असा आवाज सुरू झाला तर ॲम्प्लिफायरला दोष देण्याआधी केबलवाल्याची वायर काढून पाहावी. अर्थिंगच्या दोन वाटा एकमेकींशी जोडल्या गेल्या की हे होते, आणि ऑप्टिकल केबल वापरली की संपते, कारण तिच्यातून वीज जातच नाही.

आणि पैसे मोजण्याआधी स्पीकरची जाळी काढून वूफरची कड एकदा बोटाने हळूच दाबावी. रबराची कड दशकानुदशके टिकते. फोमची १५-२० वर्षांत चिकट होऊन भुगा होते, आपल्या दमट हवेत त्याहून लवकर. फोम गेलेला असेल तर खालचे स्वर फाटके येतात आणि माणूस समजतो की ॲम्प्लिफायर बदलायची वेळ आली. कड बदलून देणारे, रिकोनिंग करणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत आणि त्यांचा खर्च नव्या स्पीकरच्या मानाने किरकोळ असतो. कॉइल जिवंत आहे की नाही याची शंका असेल तर एक पेन्सिल सेल पुरतो. धन टोक लाल वायरला, ऋण काळ्या वायरला क्षणभर टेकवायचे. वूफर ‘टुक्’ करून बाहेर सरकला तर तो जिवंत आहे आणि वायरीही बरोबर आहेत. आत सरकला तर लाल-काळ्याची अदलाबदल झाली आहे. ट्विटर या परीक्षेला उत्तर देत नाही. त्याच्या वाटेत बसवलेला कंडेन्सर सेलचा डीसी अडवतो, म्हणून त्याच्यासाठी एखादे गाणे वाजवून जवळ कान न्यावा लागतो.